उटी कोण लावणार

नानांची जुनी मोटार रस्त्यावर कधी दगा द्यायची नाही, पण चढावर उभी करा म्हटलं की तिला उभं राहता यायचं नाही. हँडब्रेक नावाला होता. गिअरमध्ये ठेवली तरी म्हातारं इंजिन दमून हळूहळू मागं सरकायचं. म्हणून सीटखाली बाभळीची उटी असायची, चाकामागं सरकवायचा तिरपा ठोकळा, आणि ती लावायचं काम मायचं. नाना ब्रेकवर पाय दाबून बसणार, माय पदर खोचून उतरणार, उटी लावणार, चाकावर थाप मारणार. मग नाना पाय उचलणार. आमचं बालपण मागच्या सीटवरून हा सोहळा बघण्यात गेलं. मोठा झाल्यावर मला त्याचा राग यायला लागला.

मग मायचा गुडघा गेला. तिनं सरळ सांगितलं, "मन्हाथून आते उतरावत नही." आणि गाडीत बसणंच सोडलं. तिचं माहेर सोनगीरला, किल्ल्याखालच्या चढाच्या गल्लीत. तिचा थोरला भाऊ आता घराबाहेर पडत नव्हता, ही धुळ्यातून हलत नव्हती. दोघं फोनवर एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करायची. मी म्हटलं, माझ्या गाडीतून नेतो. पण दुसरा गाडी चालवत असेल तर नाना शेजारी बसणार नाहीत, आणि त्यांना मागं ठेवून माय माहेरी जाणार नाही. हट्टाला औषध नाही, आणि आमच्या घरात हट्टाचा तुटवडाही नाही.

तोच हट्ट माझ्यातही उतरला असणार. मी गाडी जळगावला माझ्याकडे आणली आणि ठरवलं, हँडब्रेक पक्का धरावा म्हणून मागच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. ड्रम झिजून लंबगोल झाले होते, आतून ब्रेक ऑइल गळत होतं, सुटे भाग मिळत नव्हते. मिस्त्री माझ्याच वयाचा आणि माझ्यापेक्षा उतावळा निघाला. त्यानं भंगारातून एका नव्या गाडीच्या डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे कॅलिपर आणले. ते बसवायला लेथवाल्याकडून पट्ट्या करून घेतल्या, ब्रेक ऑइलचे पाइप जोडले, त्यांतली हवा काढली. मुक्ताईनगरच्या रस्त्याला गाडी नेऊन ब्रेक दाबला, तर ती अशी जागच्या जागी थांबली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसलो.

परत येऊन गॅरेजच्या उतारावर गाडी लावली, आणि चाकांचं कौतुक करायला खाली उतरलो. गाडी आपली शांतपणे मागं निघाली. वाळूचा ढीग आडवा आला म्हणून बरं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला: आणलेले कॅलिपर पुढच्या चाकांचे होते, त्यांना हँडब्रेकची तार जोडायला जागाच नव्हती. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच आम्ही विसरलो होतो. मी मिस्त्रीवर ओरडलो, तो माझ्यावर ओरडला. मग चहा घेतला आणि मागच्या चाकांचे, तारेवर चालणारे कॅलिपर शोधायला निघालो.

ते बसले. त्याच उतारावर हँडब्रेक ओढून मी आणि मिस्त्रीनं गाडीला पुढून खांदा लावून मागं रेटलं. ती हलली नाही. उटी मी डिकीत टाकली आणि छाती पुढं काढून धुळ्याला आलो.

मायनं सीटखाली हात घालून बघितला. "उटी कोठे शे?"

मी तिला डिस्क समजावून सांगितली. कॅलिपर समजावला. तार दाखवली.

"तुन्ही डिस्क घाल चूलमा," ती म्हणाली. "उटी नही तं मी नही."

माझं डोकंच फिरलं. एवढी मेहनत करून शेवटी लाकडाचा तुकडाच थोर! नाना मध्ये पडले नाहीत. त्यांनी डिकी उघडली, उटी काढली आणि सीटखाली ठेवली. तेव्हा माय बसली. मी मागं बसलो, तोंड फुगवून.

सोनगीरच्या गल्लीत नानांनी चढावर गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मायनं सवयीनं दार उघडलं, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायला लागली.

"तू बठी ऱ्हाय," नाना म्हणाले. "मी लावस."

त्यांनी ब्रेकवरचा पाय हळूच उचलला, क्षणभर वाट बघितली. गाडी जागची हलली नाही. मग उटी घेऊन ते उतरले, कमरेवर हात ठेवून वाकले, ती चाकामागं सरकवली आणि मायसारखीच वर थाप मारली. खरं तर उटीची काही गरज नव्हती.

नाना वळसा घालून मायच्या दाराशी आले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"इतला वरीस तुम्हना पाय कोठे व्हता?"

"ब्रेकवर," नाना म्हणाले, आणि तिला उतरवायला हात पुढं केला.