मामंजींची शेपटी

आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला सगळे तोंडावर काका म्हणतात आणि पाठ वळली की कडक. त्याला दोन्ही ऐकू येतं. त्याची कॉलर कडक, चहा कडक, आणि बोलणं तर असं की त्याला खळ वेगळी लावायला नको. एखाद्या बापड्याने "काका, जरा हलकी इस्त्री मारा" म्हणून बघावं. "हलकी? मग शर्ट घालता कशाला, हातात धरून फिरा!" असा हा माणूस एका सरड्याच्या शेपटीपायी पार हवालदिल झालेला आम्ही पाहिला. ऐकीव नाही सांगत. दुकानासमोरच्या बाकावर बसायचा मला कुणी पगार देत नाही, पण माझी हजेरी चुकत नाही.

सरडा त्याच्या लेकीचा. ती शिकायला दुसऱ्या गावी गेली, होस्टेलने सरड्याला जागा नाकारली, आणि तो काचेच्या पेटीसकट बापाच्या गळ्यात पडला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्या जातीला. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी. राग आला की दाढी फुगते आणि काळी पडते. चेहऱ्यावर मात्र बारा महिने एकच भाव, सुनेने आमटीत मीठ जास्त घातल्यासारखा. कडकच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याला पाहिलं आणि तोंडावर हातच ठेवला.

"अगं बाई! हे तर मामंजी!"

"माझ्या वडिलांना सरडा म्हणतेस?" कडक उसळला.

"छे हो. सरड्याला वडील म्हणतेय. मान वाढवला त्याचा."

झालं, मामंजी हे नाव चिकटलं. कडकने ते कधी तोंडाने घेतलं नाही, पण गंमत अशी की सरड्याला तो अहोजाहो करायला लागला. या प्राण्याला अंगाला ऊब मिळाल्याशिवाय अन्न पचत नाही. दुकानात ठेवलेल्या पेटीत त्याच्यासाठी खास दिवा होता, पण मामंजींना आवडे ताज्या इस्त्रीच्या कपड्यांची चळत. ज्या कडकने चळतीवर माशी बसू दिली नाही, तो दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांना उचलायचा आणि म्हणायचा, "इथे नको, गिऱ्हाइकाचा शर्ट आहे. तिकडे आपली चादर गरम करून ठेवलीय, तिकडे बसा." बायकोसाठी यानं कधी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती. हे मी नाही म्हणत, काकू म्हणतात, आणि रोज म्हणतात.

आता भांडणाकडे येतो. गल्लीच्या टोकाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांचे पांढरे कोट कडककडे यायचे. एकदा त्या म्हणाल्या, "काका, माझ्या कोटाला खळ नको. खडखड वाजतो, मांजरं घाबरतात."

खळ नको! सोनाराला सोनं नको म्हणण्यासारखंच ते. "मांजरांना विचारून इस्त्री करायची मला सवय नाही," कडक म्हणाला. बाईंनी शांतपणे कोट उचलले, तसेच चुरगळलेले, आणि गेल्या. कडकने रागाच्या भरात हाताशी आलं ते धाडकन ढकललं. हाताशी आली होती पेटीची सरकती काच. मामंजी नुकते आत शिरत होते. सगळे शिरले होते, शेपटीचं टोक सोडून.

दाढी अशी काळी फुगली की बघवेना. कडकचा चेहरा त्याहून काळा. त्याने मिठाच्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली. सगळं केलं, पण डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं नाही. काढणार कुठल्या तोंडाने?

पट्टी सोडली तेव्हा शेपटीचं टोक काळं पडलं होतं आणि वाळून टणक झालं होतं. कडकने नखाने टिचकी मारली. टक! आणि त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"ऐकलंत? कडक झाली! बरी झाली!"

आयुष्यभर ज्याने मऊ ते बिघडलेलं आणि कडक ते चांगलं मानलं, त्याने दुसरं काय समजावं? आम्हीही वेडेच. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या हेडमास्तरांनी तर तिथल्या तिथे वर्गच घेतला, "पालीला येते ना नवी शेपटी, तशी यांनाही फुटेल." खुशीत येऊन कडकने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. पुन्हा सांगतो, कडकने, चहा, पाजला. लोक दुसऱ्या गल्लीतून बघायला आले.

एकट्या काकूंनी चहाला हात लावला नाही. "मामंजी जेवत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "दाढीही काळी ती काळीच."

त्यांनी लेकीला फोन लावला आणि पडद्यावर शेपटी दाखवली. पोरगी किंचाळलीच.

"बाबा! ती बरी नाही झाली, मेलीय! आणि ही पाल नाही, याला नवी शेपटी येत नाही. काळं वर वर चढत गेलं तर हा जाईल बाबा. कळतंय का तुम्हाला? जाईल!"

कडकच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. वाफ निघत राहिली.

काकूंनी मग एक केलं. कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण करायची पक्की शाई असते ना, तिचा ठिपका काळेपणाच्या जरा वर, चांगल्या कातडीवर ठेवला. "उद्या बघू. ठिपका मोकळा राहिला तर तुमचं खरं."

सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आत आम्ही हजर. कडकने मामंजींना उजेडात धरलं. ठिपका दिसेना. काळ्याने तो गिळला होता आणि ते बोटभर पुढे सरकलं होतं.

"उठा," काकू म्हणाल्या. "डॉक्टरकडे."

"ती मला दारात उभं करणार नाही."

"मग तुम्ही दाराबाहेर उभे राहा. मामंजी आत जातील."

बँकेच्या साहेबांचा शर्ट नुकताच इस्त्रीखालून निघाला होता. कडकने त्या गरम शर्टात मामंजींना गुंडाळलं, छातीशी धरलं आणि निघाला. चालत नव्हे, पळत! मागे काकू, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे हेडमास्तर. "माझा पाय मोडला होता तेव्हा 'बरं वाटेल हळूहळू' म्हणाला होता हा माणूस," काकू धापा टाकत सांगत होत्या, आणि तरी वेग कमी करत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. अंगात तोच चुरगळलेला कोट. कडकने कोटाकडे पाहिलं आणि शर्टाचं गाठोडं पुढे केलं.

"मीच केलं, डॉक्टर. काच मीच ढकलली."

"आत या काका."

दिव्याखाली त्यांनी शेपटी पाहिली. "काळ्यात हा शाईचा पुसट ठिपका कसला?"

"खूण," काकू म्हणाल्या.

"पॅन्ट आहे का ही?" बाईंना हसू आवरेना, पण ते लगेच विरलं. त्यांनी शेपटीचा वरचा, चांगला भाग आपल्या बोटाभोवती अलगद वळवला. तो वळला. "बघा काका. जिवंत आहे ते वाकतं. हे खालचं कडक झालंय ते मेलंय. चांगल्या भागातून कापावी लागेल, आत्ताच."

"नवी नाही येणार?"

"नाही. आखूडच राहील. पण आधी हा राहायला हवा. अशक्त झालाय फार. भूल दिली की हे प्राणी सावकाश उठतात, आणि कधीकधी उठत नाहीत. सांगा, करू?"

कडकने काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्याच्या दंडाला हात लावला. "करा," तो म्हणाला. "मी धरू त्यांना?"

"नको. तुमचे हात फार कडक."

"माझे?" त्याने हात पाठीमागे नेले. "छे!"

आम्हाला बाहेर काढलं. तिथे एका पिंजऱ्यात पोपट होता, तो बोलायला लागला तर हेडमास्तरांनी त्याला डोळे वटारून गप्प केलं. कडक तिथल्या जुन्या वर्तमानपत्राच्या सुरकुत्या तळहाताने सरळ करत बसला, एक पान झालं की दुसरं. दार उघडलं की आम्ही सगळे उभे. एकदा बाईंची मदतनीस बाहेर आली आणि नुसती कात्री घेऊन परत गेली. कुणाचा जीव जायचा बाकी राहिला असेल तर तो त्या कात्रीने गेला.

शेवटी बाई आल्या. "काळीज चालू आहे. एक डोळा उघडला."

"कुणाकडे बघितलं त्यांनी?" काकूंनी विचारलं.

"माझ्याकडे. रागाने."

"मग मामंजीच आहेत!"

आम्ही हसलो, पण बाई हसल्या नाहीत. "इतक्यात नाचू नका. पेटीत वाळू नको, स्वच्छ कागद घाला. टाके आहेत तोवर पाणी लागू देऊ नका. औषधाचे थेंब तोंडाच्या कडेने. ऊब सोडू नका. आणि खाल्लं, तरच सुटला असं समजा. त्याआधी मला विचारू नका."

मग सुरू झालं ते वाट बघणं. कडक स्वतः कागद बदलायचा, इस्त्री करून घालायचा. थेंब पाजताना तो स्वतःचंच तोंड उघडायचा. लेकीचा दिवसभर फोन, "खाल्लं?" बँकेचे साहेब शर्ट न्यायला आले आणि "खाल्लं?" विचारून गेले, शर्ट विसरून. मामंजी डोळे मिटून पडलेले. दाढी अजून सावळी. खास दुकानातून आणलेले नाकतोडे डब्यात उड्या मारत होते, चिमट्याने नाकासमोर धरले तरी मामंजी तोंड फिरवत.

मग एके दिवशी हेडमास्तर समारंभाची पांढरी पॅन्ट न्यायला आले होते. कडकने ती टेबलावर पसरून शेवटची घडी मारली, शेजारी गरम चादरीवर मामंजी. हेडमास्तरांना नाकतोडा जवळून बघायचा होता. डबा त्यांच्या हातून निसटला, झाकण उडालं, आणि नाकतोडे दुकानभर! कॉलरींवर, हँगरवर, काकूंच्या अंबाड्यात. एक थेट पांढऱ्या पॅन्टवर येऊन बसला.

मामंजींनी डोळा उघडला.

"हलू नका," कडक कुजबुजला. त्याला कुजबुजता येतं हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मान तिरपी झाली. पुढचा पाय सरकला. मग मामंजींनी झेप घेतली! अर्धी शेपटी नव्हती, तोल गेला, पॅन्टवर आडवे पडले. काकूंनी "अयाई!" म्हणून तोंड दाबलं. ते उठले. पाय रोवले. जीभ सटकन बाहेर आली, आणि कुर्रम कुर्रम!

नाकतोड्याचा एक पाय तोंडाबाहेर लोंबत होता, तोही आत गेला. पॅन्टवर हिरवा डाग पडला.

"माझी पॅन्ट!" हेडमास्तर म्हणाले.

"खाल्लं!" काकू ओरडल्या. "मामंजी जेवले! अहो, पोरीला फोन लावा!"

कडकने फोन कानाला लावला. तिकडून पोरगी "बाबा? बाबा?" करतेय, आणि इकडे हा नुसता मान हलवतोय, जणू फोनमधून दिसणार तिला. मामंजी मात्र मान उंच करून इकडेतिकडे बघत होते. दाढी पिवळसर, डोळे लखलखीत. अजून हवं होतं.

"दुसरा! दुसरा पकडा!" कडक फोनमध्येच ओरडला. काकूंनी अंबाडा सोडला, मी बाकाखाली शिरलो, आणि हेडमास्तर डागाची पॅन्ट खांद्यावर टाकून, गुडघ्यांवर रांगत, इस्त्रीच्या टेबलाखाली नाकतोडा शोधू लागले.