काकाजीचं तोंड आलं तेव्हा

आमच्या घरमालकाएवढी बिडी पुऱ्या पांढुर्ण्यात कोनी ओढली नसन, आन बिडीवर एवढा भरोसा तर कोनी देवावरबी ठेवला नसन. मी त्याहिले काकाजी म्हनत होती. संत्र्याच्या पेट्या भरायचा त्याहिचा धंदा, आन आम्ही त्याहिच्याच मागच्या खोलीत भाड्यानं. रस्ता इचारला तरी बिडीनं मोजून सांगत, सावरगाव म्हने अर्ध्या बिडीवर हाय, सौसरले जाचं तर बंडल संगं ठेव. दात दुखला का धूर तोंडात कोंडून ठेवा, गांधीलमाशी चावली का बिडीतली तंबाखू थुक्यात कालवून लावा, गोटमारीच्या जत्रेत दगड लागून कोनाचं डोकं फुटलं आन लोक देवीची भभूत शोधून राहिले का हे आपली राख घेऊन हजर. कधी कधी सूज उतरेबी, खोटं काऊन बोलू. मंग छाती फुगवून म्हनत, "सूज बिडीले भेते, व सूनबाई."

आता आमच्या खोलीले खिडकी एकच, अन् ते उघडे नेमकी काकाजीच्या खाटेवर. माहा पोऱ्या तवा पाच महिन्याचा. त्याची छाती सारखी घरघर करे, दूध प्याले लागला का दम लागे, आन मी त्याच्या बरगड्याच पाहत बसे, खालीवर होऊन राहिल्या का नाई. आमचे हे बिजलीच्या लाइनीवर कामाले, घरी कमी अन् बाहेर जास्त. एक दिवस पोऱ्या कान ओढून ओढून रडून राहिला, तर काकाजी बिडी पेटवून आले, म्हने कानात धूर सोडतो, आत्ता चूप होते. मी लेकराले पदरात गुंडाळलं आन तशीच पयत डाक्टरकडं. डाक्टर म्हने, कान बरा होईन औषधानं, पन घरातला धूर बंद नाई झाला तर ह्या छातीचं काई खरं नाई.

घरमालकाले हे सांगाव कोनं? खोली गेली तर लेकरू घेऊन कुठी जाव? शेवटी काकीपाशी, म्हंजे काकाजीच्या बायकोपाशी, एका दमात रडत रडत सारं सांगून टाकलं. मागं पाह्यलं तर काकाजी दारात उभे. हातातली बिडी भितीवर घासून विझवली आन बंडल चुलीत टाकला.

आन त्याहिचं तोंड आलं. जिभेले छाले, गालाले छाले, ओठाले छाले. जन्मात कधी झाले नव्हते. मिठाकडं पाह्यलं तरी डोये भरून येत. एवढं बोलनारं मानूस हातवारे कराले लागलं. पेट्या ठोकनारे गडी टोमने मारत, काकाजी, बिडीनं सराप देला तुमाले, एक झुरका घ्या, सारं जाते. जातच असन, ते त्याहिलेबी मालूम होतं. मले सारखी धडकी, आता पेटवते, मंग पेटवते.

एक दिवस डाक्टरकडं जाऊन आले आन बोबड्या तोंडानं सांगाले बसले. अंगात म्हने पहारेदार असतेत. घाव झाला, रोग शिरला का तेच धावतेत, सूज आनतेत, लाली आनतेत. तंबाखूतलं जहर त्याहिले पेंगवून ठेवते. म्हनून सूज उतरलेली दिसे, आन आतला घाव तसाच राहे. आता नशा उतरली, तर सारे खडबडून उठले, आन जो दिसला त्याले दंडा हानून राहिले, घरच्या मानसालेबी. थोडे दिवस चालते म्हने असं.

काकी भाताची पेज हालवत म्हने, "मंग घ्या ना एक, आन झोपवा त्याहिले. उपाशी मरान का?"

काकाजीनं माह्याकडं पाह्यलंच नाई, पोऱ्याकडं पाह्यलं. "राहू दे जागे," म्हने. "लेकरू हाय घरात."

छाले हळूहळू गेले, आन एवढ्या वर्सानं काकाजीच्या नाकाले फोडनीचा वास याले लागला. पोऱ्याच्या छातीतली घरघरबी कमी झाली, आन मले झोप लागाले लागली. मंग आमच्या ह्याहिची बदली सौसरले झाली. निघताना काकाजी बस स्टँडवर आले, पोऱ्याले मांडीवर घेतलं, त्याच्या टाळूले नाक लावलं आन तसेच थांबले.

"याच्या डोक्याले वास हाय व," म्हने.

मी म्हनलं, "तेल लावते न जी."

"तेलाचा नाई." मंग काकीकडं पाहून इचारलं, "आपल्या लेकरायलेबी असाच होता का?"

त्याहिचे लेकरं केव्हाचेच मोठे होऊन नागपूरले निंगून गेलते. काकी म्हने, "होता."

बसवाला हॉर्न वाजवून राहिला होता, आन काकाजी काई पोऱ्याले देऊन नाई राहिले.