पोपटाला 'मले' कळत नाही

माझी भावनाताई फोनवर ओरडते. फोनवर बोलणाऱ्या माणसावर नाही, थेट फोनवर. "अबे, आता का अपडेट करून राहिला तू?" असं ती त्याला विचारते आणि उत्तराची वाट बघते. उत्तर येत नाही म्हणून मग मला फोन करते, कारण घरात संगणकाचं शिकलेला मी एकटाच. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करतो. म्हणून जगातल्या प्रत्येक ॲपला मीच जबाबदार आहे, असं ताईचं पक्कं मत आहे.

ताई वाडीला शिक्षिका आहे, तिसरीच्या वर्गावर. राहते हुडकेश्वरला. म्हणजे रोज सकाळी स्कूटीवरून अर्धं नागपूर ओलांडायचं आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत शाळेत पोहोचायचं. शाळेच्या दोन्ही बाजूंना गोदामं आहेत. वर्गातल्या पोरांचे वडील ट्रक चालवतात, टेम्पो चालवतात किंवा माल उतरवतात. आया गोदामात पार्सलांना पट्ट्या लावतात. ताईच्या वर्गात गोष्ट ऐन रंगात आली की बाहेर एखादा ट्रक रिव्हर्स घेतो आणि त्याचं पीं-पीं थांबेपर्यंत राजा, राणी, वाघ सगळे जागच्या जागी थांबतात.

तिची एक गंमत वर्गातल्या पोरांनाही माहीत आहे. मॅडम शांत असल्या की पुस्तकातलं मराठी बोलतात. "मुलांनो, वह्या काढा." मॅडम चिडल्या, किंवा कुणावर फारच माया आली, की घरचं मराठी बाहेर येतं. "काहून रे, वही कुठी हाये तुही?" हे ऐकलं की पोरं एकदम सरळ बसतात. डी.एड.ला असताना तिच्या 'मले-तुले'वरून वर्ग हसायचा. तेव्हा तिने प्रयत्न करून जीभ वळवली. पण राग आणि माया यांचं डी.एड. झालेलं नाही.

फ्री डिजिटल साधनं वर्गात वापरा, असा आग्रह सगळीकडून सुरू झाला तेव्हा ताई खरंच उत्साहात होती. स्वतःच्या फोनवर तिने काय काय उतरवून घेतलं. लवकरच कळलं, की फ्री म्हणजे आपल्या डोक्याच्या खर्चाने. बेरजेच्या गाण्यात "पाच अधिक तीन किती?" असा प्रश्न आला, की उत्तराच्या आधी रमीची जाहिरात. "आजच खेळा, बोनस मिळवा!" सौरव नावाचं एक तल्लख पोरगं हात वर करून ओरडलं, "मॅडम, बोनस!" सगळा वर्ग बोनस, बोनस करू लागला. पुढचा आठवडाभर कुठल्याही बेरजेचं उत्तर बोनसच. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला तर पान गोल-गोल फिरत राहायचं, कारण गोदामांच्या टिनाच्या छपरांमध्ये नेटवर्कचा जीव घुसमटतो. एक ॲप उघडलं की दुसरं म्हणायचं, जागा शिल्लक नाही. आईच्या वाढदिवसाचे फोटो उडवून ताईने तिथे फळांची चित्रं ठेवली. आमच्या आईने, अंजनाबाईंनी, ते अजून माफ केलेलं नाही. "माह्या फोटोच्या जागी पपई ठेवली वं तू," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर बोलते.

पण एक गोष्ट जमली, आणि ती इतकी छान जमली की पुढचा सगळा वैताग तिच्यामुळेच सोसवला.

ताईने वाडीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागच्या पाट्यांचे फोटो काढले. फोनमध्येच ते एकामागे एक लावले आणि शाळेला कुणीतरी भेट दिलेल्या प्रोजेक्टरवर दाखवले. 'आई-वडिलांचा आशीर्वाद', 'पुन्हा भेटू', 'सावकाश जा, घरी वाट बघतात'. ज्यांना पुस्तकातली ओळ ओढून-ताणूनही वाचवत नव्हती, ती पोरं पाट्या धडाधड वाचू लागली.

त्या वर्गात सोनिका नावाची एक मुलगी होती. वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं. फळा पुसायची, खडू आणून द्यायची, हजेरीला हात वर करायची. तिची आई करिष्मा ताईला म्हणायची, "घरी तं भल्ली बोलते, मॅडम. शाळेतच काहून चूप बसते, कोण जाणे." त्या दिवशी पडद्यावर एका निळ्या टेम्पोचा मागचा भाग आला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सोनिकाची गाडी!" मग आणखी मोठ्याने, "मॅडम, माह्या पप्पाची गाडी हाये ही! माह्यं नाव हाये!" तिचे वडील विक्की यांनी टेम्पोवर लेकीचं नाव रंगवून घेतलं होतं. सोनिकाने ते वाचलं, त्याखालची ओळ वाचली, आणि त्यानंतर ती थांबलीच नाही. पुढच्या काही दिवसांत ती पुस्तकातल्या गोष्टी वाचू लागली. ताईने मला फोन केला आणि तेव्हा पहिल्यांदा ती फोनवर नाही, फोनमध्ये बोलली. "धम्मू, पोट्टी वाचाले लागली गा!"

आणि मग पोपट आला.

पोपट म्हणजे वाचन तपासणारं ॲप. पडद्यावर हिरवा पोपट बसलेला असतो. मुलाने ओळ वाचायची, पोपट ऐकतो. ओळीतला शब्दन् शब्द बरोबर आला तर ओळ हिरवी होते आणि तारा मिळतो. एक जरी चुकला तर अख्खी ओळ लाल होते आणि पोपट मंजुळ आवाजात म्हणतो, "पुन्हा प्रयत्न कर!" केंद्रप्रमुख रविंद्र सरांनी शिक्षकांच्या ग्रुपवर त्याची लिंक टाकली. पूर्णपणे मोफत, असं लिहून पुढे तीन फुलं. शिवाय एक सूचना होती. सर शाळेत येतील तेव्हा ज्या मुलांचं पान लाल राहील, ती मुलं रोज दुपारी वेगळ्या खोलीत बसतील आणि मुळाक्षरांपासून सराव करतील.

गोष्ट साधी होती. 'मनीला खिडकीत चिमणी दिसली. मनीने आईला हाक मारली. आई म्हणाली, तुला काय हवे?' सोनिका उभी राहिली आणि फोनसमोर तिने वाचलं, "मनीले खिडकीत चिमणी दिसली. मनीनं मायले हाक मारली. माय म्हणे, तुले का पाह्यजे?"

सगळं लाल. "पुन्हा प्रयत्न कर!"

तिने पुन्हा तसंच वाचलं, जरा हळू. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा तिचा आवाज इतका बारीक झाला की पोपट म्हणाला, "मला ऐकू आलं नाही." कुणीतरी हसलं. सोनिका खाली बसली आणि परत फळा पुसण्यापुरती उरली.

त्या संध्याकाळी ताई माझ्यासमोर फोन आपटून म्हणाली, "याले शिकवता येते का?"

मी सांगितलं, की हे ॲप छापलेला शब्द आणि कानावर पडलेला शब्द जुळवून बघतं. ज्या आवाजांवरून ते ऐकायला शिकलं, त्यांत आपल्याकडचे आवाज नसणार. सेटिंगमध्येही काही बदलता येत नाही, मी बघितलं.

"म्हणजे त्या पोट्टीनं वाचलं, समजून घेतलं, वरून घरच्या बोलीत सांगून दाखवलं. अन् ती नापास. अन् जो एक-एक अक्षर ठेचत वाचते, ज्याले मनी कोण अन् चिमणी कोण पत्ता नाही, तो पास?"

"ॲपच्या हिशेबाने, हो."

"तुह्या ॲपचा हिशेब चुलीत गेला."

"माझं नाही ते ॲप, ताई. पण तू तिला 'मला' म्हणायला शिकव ना. ते शिकायलाच लागेल कधीतरी."

"शिकवीन ना! मले नाही समजत का? पण आधी तोंड तं उघडू दे तिले! बंद तोंडाले व्याकरण कुठून लावू?"

आमची आई आतून म्हणाली, "पोपटाले म्हणा, माह्या घरी येऊन राह्य आठ दिवस. सुधरून जाईल."

ताईने वर्गात वेगळीच युक्ती केली. पोरांना सांगितलं, "हा पोपट बाहेरगावचा पाहुणा आहे. त्याला आपली बोली येत नाही. पाहुण्याशी आपण त्याला समजेल असं बोलतो की नाही?" पोरांना हे फार आवडलं. सौरव फोनसमोर उभा राहून कपाळावर आठ्या घालून म्हणू लागला, "मनी-ला. आई-ला. समजलं का पाहुणे?" तारे पडू लागले. सोनिका मात्र फोन समोर आला की ओठ मिटून घ्यायची. ताई तिला जवळ घेऊन पुस्तकातून वाचून घ्यायला बघायची, तर ती पुस्तकातही पोपट शोधायची.

रविंद्र सर आले त्या दिवशी मी शाळेत होतो, कारण प्रोजेक्टरची वायर सैल झाली होती आणि ताईच्या मते ती वायरही मीच बनवली होती. मी कोपऱ्यात वायर धरून उभा होतो. सोडली की पडदा निळा व्हायचा. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. दिवसाला दोन-तीन शाळा फिरून त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्यांच्या फोनमध्येही जागा शिल्लक नव्हती, हे त्यांनी आल्या-आल्या सांगितलं.

पोरं एकेक करून आली. पोपट खूश होत गेला. मग सरांनी नाव घेतलं, "सोनिका."

ती आली. पुस्तक उघडलं. पडद्यावर मोठा पोपट, समोर सर, बाजूला ताई. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेऊन गेला तरी तिचे ओठ मिटलेलेच. मग अगदी हळू आवाज आला, "मनीले खिडकीत..."

"पुन्हा प्रयत्न कर!"

सोनिकाने बोट परत पहिल्या शब्दावर ठेवलं. "मनीले..."

"पुन्हा प्रयत्न कर!"

"मनीले खिड..."

"पुन्हा..."

"अबे, चूप बस ना गा!" ताई फोनवर ओरडली. "पोट्टी वाचून राहिली ना! तुले दिसून नाही राहिलं का? मंधात-मंधात काहून टोकून राहिला तिले?"

सरांचा पेन हवेत. माझ्या हातून वायर सुटली आणि पडदा निळा झाला, पोपट गायब. फोन मात्र टेबलावर चालूच होता.

सोनिकाने मान वर करून ताईकडे बघितलं. मग तिला हसू आलं. आधी दाबलेलं, मग दात दाखवून. मॅडमचं सगळं लाल आलं असतं, प्रत्येक ओळ. तिने पुस्तक नाकाजवळ धरलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. "मनीले खिडकीत चिमणी दिसली. मनीनं मायले हाक मारली. माय म्हणे, तुले का पाह्यजे?" पोपट मध्येच म्हणाला, "पुन्हा प्रयत्न कर!" तिने पुस्तकातून डोळे न काढता सांगितलं, "थांब ना गा, गोष्ट तं संपू दे." आणि पान उलटलं. मनीच्या आईने खिडकीत वाटी ठेवेपर्यंत, चिमणी पाणी पिईपर्यंत ती थांबली नाही.

सरांनी फोन उचलून बघितला. "मॅडम, पूर्ण पान लाल आहे."

"सर, पण तुम्ही ऐकलं ना?" ताई आता पुस्तकी मराठीत परत आली होती, पण कान तापलेले होते.

"ऐकलं हो. पण ऐकलेलं अपलोड कसं करू? वर स्क्रीनशॉट मागतात."

"मग वर सांगा, की तुम्ही स्वतः ऐकलं. मुलगी अख्खी गोष्ट वाचते. तिला उद्या क-ख-ग घेऊन बसवलं, तर ती आणखी वर्षभर बोलणार नाही. ते वर्ष कुठे अपलोड करायचं?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही टेक्निकल आहात ना? यात हाताने बदलायचं काही नसतं का?" मी नाही म्हणालो. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते बदलायचं बटन मीच घरी विसरून आलो होतो. सरांनी सोनिकाकडे बघितलं. ती पुस्तक उघडं धरूनच उभी होती, बोट शेवटच्या ओळीवर, सांगितलं असतं तर पुढची गोष्टही सुरू केली असती.

"राहू द्या मॅडम," सर शेवटी वैतागून म्हणाले. "राहू द्या तिले इथंच. वर काय सांगायचं ते मी पाहून घेतो."

सौरव उठून टाळी वाजवत ओरडला, "मॅडम, सर 'तिले' म्हणे! पोपट सरले बी लाल करते!"

पोरं बाकांवर हात बडवायला लागली. सरांनी तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, तो फसला. सोनिका सगळ्यांत मोठ्याने हसत होती. टेबलावरच्या पोपटाने तो सगळा गलका मन लावून ऐकला आणि म्हणाला, "मला ऐकू आलं नाही."

संध्याकाळी ताईचा फोन आला. मला वाटलं सोनिकाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "धम्मू, पोपट अपडेट मागून राहिला, अन् जागा नाही म्हणते. आता का उडवू? पपई उडवू का?" मागून आईचा आवाज आला, "पोपटच उडव ना वं, तो तं उडतेच."