डोंगरावरचा दुसरा माणूस

आमच्या पेनास्कुरा गावात कुजबुज होती की अदोझिंदाने डोंगरावर एक माणूस ठेवलाय.

सत्तरी उलटलेली विधवा बाई, गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधून चालणारी. पण गावात माणसं कमी झाली की कुजबुज कमी होते असं थोडंच आहे? उलट, उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येते. आमच्या कुजबुजीचं माहेर म्हणजे लेओपोल्दिनाचं कॉफीचं दुकान.

"पिशवीत दोन पाव नेते," कप पुसता पुसता लेओपोल्दिना म्हणायची. "एकटी बाई दोन पाव खाते होय?"

"भूक असते एखादीला," मी म्हणायचो.

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

माणूस कोण, यावर पत्त्यांच्या टेबलाशी दोन मतं नव्हती. सीमेपलीकडच्या गालिसियातला एलिसेउ. जुन्या काळी कॉफी आणि तंबाखू चोरून आणायचा आणि येताना प्रत्येक गावात एखादीचं मन चोरून न्यायचा.

"तो असलाच तर नव्वदीचा असेल," एर्मिनियू म्हणाला. "दुसरा पाव चावणार कशाने?"

"बुडवून खात असेल दुधात," लेओपोल्दिना म्हणाली. "डोंगरावर दुधाला काय तोटा."

एर्मिनियू आमच्या कळपाचा कारभारी. गावातल्या सगळ्या शेळ्या एकाच कळपात डोंगरावर चरतात आणि राखण घरागणिक फिरते. रोज दोन घरांतून दोन माणसं जातात, एक कळपाच्या पुढे, एक मागे. प्रत्येकाने आपापल्या घरचा पाव न्यायचा. ज्या घराने राखण चुकवली त्याचं नाव कळपातून जातं, डोंगरावरचा हक्क जातो. परत यायचं तर गावातल्या झाडून सगळ्या घरांनी हो म्हणायला हवं. आणि आमच्या गावाचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालंय, ते म्हणजे पाद्रीबाबा फार वेळ बोलतात.

अदोझिंदाच्या घराला जोडी होती शेजारच्याच घराची, तिच्या मुलाच्या, वाल्देमारच्या. ते घर बंद. वाल्देमार लक्झेंबर्गला भिंतींना गिलावा करतो. त्याच्या शेळ्या आईच्या गोठ्यात. राखणीच्या दिवशी सकाळी एर्मिनियू डोंगराच्या वाटेवरच्या फाटकाशी उभा राहून विचारायचा, "मावशी, वाल्देमारच्या घरचा माणूस कुठेय?"

"वर भेटेल," ती म्हणायची आणि कुत्र्याला शीळ घालून चालू लागायची.

संध्याकाळी कळप पुरा खाली यायचा. पुढचा माणूस नसताना एकट्या म्हातारीला हे जमणार कसं? म्हणजे वर कोणीतरी होतंच. शिवाय पलीकडच्या गावच्या मेंढपाळाने तिला वर कोणाशी तरी बोलताना ऐकलं होतं. आता मला सांगा, आम्ही तरी दुसरं काय समजायचं?

ऑगस्टमध्ये वाल्देमार यायचा. सगळेच यायचे. परदेशी पाट्यांच्या मोटारींनी गल्ल्या भरायच्या, पोरं कारंज्यात पाय बुडवून बसायची, रात्री अंगणात सार्डिन मासे भाजल्याचा वास सुटायचा. वाल्देमार मात्र गोठ्याच्या भिंतीवर बसून डोंगराकडे बघत राहायचा.

"आई, मला यायचंय परत," तो म्हणायचा. "हे डोंगराचं अनुदान टिकतंय एवढं कळू दे. नुसत्या शेळ्यांवर दोन पोरं कशी वाढवू?"

त्याचंही खोटं नव्हतं. दुधावर आणि करडांवर इथे आता कोणाचं भागत नाही. आमच्या शेळ्या काटेरी झुडपं खातात म्हणून डोंगर रान माजून पेटत नाही, आणि त्यासाठी युरोपातून अनुदान येतं. त्यातच घर चालतं. घरं चालतात म्हणून जनावरांचा डॉक्टर वर येतो, पाववाल्याची गाडी येते. अनुदान गेलं तर डोंगराला आणि आम्हाला एकदमच कुलूप.

सप्टेंबरात मोटारी गेल्या की अदोझिंदा मुलाच्या घरातल्या चादरी धुवायची आणि सुकल्या की पुन्हा त्याच पलंगांवर घालायची. लेओपोल्दिना एकदा म्हणाली, "मावशी, कपाटात ठेव की गं. धूळ बसेल."

"बसली तर झटकीन," ती म्हणाली.

मागच्या शरद ऋतूत बातमी आली की युरोपाचा कारभार चालतो त्या ब्रसेल्समध्ये शेतकऱ्यांच्या पैशाचं वेगळं भांडं मोडायचं चाललंय. सगळ्या कामांचा पैसा एका मोठ्या कढईत आणि वाढायचं काम प्रत्येक सरकारकडे.

"एका कढईत घातलं की पळी ज्याच्या हातात त्याचं पोट भरतं," एर्मिनियू म्हणाला. "डोंगराच्या वाट्याला खरवड."

"तीही करपलेली," लेओपोल्दिना म्हणाली.

ठरलं, सगळ्यांनी जिल्ह्याच्या गावी मोर्चा न्यायचा. एर्मिनियू म्हणाला, माणसांचा आवाज तिथे कोणी ऐकत नाही, घंटा न्या. आणि आम्ही जन्मभर शेळ्यांत वाढलेली माणसं, त्या सकाळी एकेका शेळीच्या गळ्यातली घंटा सोडवून पोत्यात भरत बसलो. शेळ्यांसाठी लढायला निघालो आणि शेळ्यांनाच मुकं केलं.

राखण त्या दिवशी अदोझिंदाची होती. तिने आपल्या हाताने म्होरक्या शेळीची मोठी घंटा सोडली.

"ही पण न्या," ती म्हणाली. "जोरात वाजवा. माझ्या वाल्याचं काम आहे."

"मावशी, चालेल ना बिनघंटांचं?"

"एक दिवस चरल्या बोडक्या गळ्याने तर काय होतंय?"

"आणि दुसरा माणूस?"

"वर भेटेल."

जिल्ह्याच्या गावी आम्ही दंड दुखेपर्यंत घंटा वाजवल्या. कचेरीच्या पायऱ्यांवर एक टायवाला साहेब आला. बिचारा सभ्य होता.

"तुमचं म्हणणं मी लिस्बनला सरकारकडे कळवतो," तो म्हणाला.

"लिस्बन कोणाला कळवणार?" लेओपोल्दिनाने विचारलं.

"ब्रसेल्सला, बाई."

"आणि ब्रसेल्स?"

साहेब नुसता हसला.

"म्हणजे शेवटी देवालाच," ती म्हणाली. "त्याला आम्ही गावातूनच सांगितलं असतं. डिझेल वाचलं असतं."

परतीच्या वाटेवर सगळे ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत गात होते. गावच्या वळणावर गाणं थांबलं. डोंगर दिसत नव्हता. धुकं पार चर्चच्या कौलांपर्यंत उतरलं होतं आणि फाटक सताड उघडं. कळप आला नव्हता.

धुक्यात शेळी डोळ्यांनी सापडत नाही, कानांनी सापडते. आणि सगळ्या घंटा आमच्या पोत्यांत. वर लांडगेही आहेत. एर्मिनियूने पोतं खांद्यावर टाकलं आणि आम्ही चढू लागलो.

बरंच वर गेल्यावर तिचा आवाज ऐकू आला. बसलेला, फाटलेला.

"वाल्या, पुढून वळव रे. पुढून."

मग पुन्हा तेच, जरा मऊ आवाजात, जसं आई जेवायला हाक मारते तसं.

कोणी ओ दिली नाही. लेओपोल्दिनाने माझा हात धरला. पत्त्यांच्या टेबलावरचा तो नव्वदीचा एलिसेउ त्या क्षणी आमच्यातल्या कोणालाच आठवला नसेल.

एर्मिनियूने पोत्यातून म्होरकीची घंटा काढली आणि वाजवली. थांबून, संथ, शेळी चालते तशी. मग आम्हीही आपापल्या घंटा काढल्या. दुपारी कचेरीसमोर वाजवल्या तशा नाही. आता कोणी ताकद लावत नव्हतं. थोड्या वेळाने धुक्यातून पहिलं ओलं तोंड आलं, मग दुसरं, मग सगळा कळप आमच्या पायांत घुसला. सगळ्यात मागून अदोझिंदा, काठीवर भार देत, चिंब, आणि तिच्या मागे कुत्रा.

एर्मिनियू कारभारी. विचारणं त्याचं काम.

"मावशी, दुसरा माणूस कुठेय?"

घंटा थांबल्या. तिने ओढणीने तोंड पुसलं. मुलाच्या घराचं नाव, त्याचा डोंगरावरचा हक्क, पलंगांवरच्या चादरी, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

"आत्ताच गेला," ती म्हणाली. "गालिसियाच्या बाजूला उतरला."

एर्मिनियूने त्या बाजूच्या धुक्याकडे पाहिलं. मग खाली बसून म्होरकीच्या गळ्यात घंटा बांधायला लागला.

"हो," तो म्हणाला. "भेटला मला वाटेत. टोपी काढून बोलला चांगला."

लेओपोल्दिनाने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"काय म्हणाला?" अदोझिंदाने हळूच विचारलं.

"पुढच्या राखणीला येतो म्हणाला."

त्या रविवारी वाल्देमारचा फोन आला तेव्हा ती दुकानातच बसली होती. तिकडून त्याने विचारलं असावं, काय ठरलं.

"अजून काही ठरलं नाही, बाळा," ती म्हणाली. "ते ठरवतील सावकाश. तुझी राखण चालू आहे."

अजूनही काही ठरलेलं नाही. वाल्देमार अजून लक्झेंबर्गलाच आहे.

डोंगरावर कोणी नव्हतं. दोन्ही घरांची राखण अदोझिंदा एकटीच करत होती. एक पाव ती खायची, दुसरा कुत्र्याला घालायची.