ओरेस्टच्या टाळ्या

ओरेस्ट ह्रिंचुकने मला विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे आमच्या गोलकीपरच्या आईच्या बुटाचं माप काय.

मी वॉडलो गावात आइस हॉकीच्या रिंकवर कॅन्टीन चालवते. हातात फ्राइजची बशी, समोर अनोळखी बाप्या आणि हा असला प्रश्न! मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"आईचा पाय मोठा असेल तर पोरगा अजून दोन इंच वाढेल," तो शांतपणे म्हणाला. "मी स्काउट आहे, बाई. मला बायकांच्या पायांत रस नाही."

या गोष्टीला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तो माझ्याकडचा बेरी भरलेला गोड 'पाय' खातोय आणि माझं डोकंही. त्याचा धंदा एकच. थंडीभर कॅनडातल्या आमच्या सॅस्कॅचवान प्रांतातली गावं पालथी घालायची, गारठलेल्या बाकांवर बसून पोरांचा खेळ बघायचा आणि आपल्या क्लबला नावं कळवायची. जूनमध्ये ड्राफ्ट. मोठ्या लीगचे क्लब पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. एकाने उचलला की तो बाकीच्यांच्या हातचा गेला. म्हणून स्काउटला जितकं नीट बघता यावं लागतं, तितकंच ते लपवताही यावं लागतं.

बघण्यात ओरेस्टचा हात धरणारा कोणी नव्हता. लपवण्यात मात्र आनंदीआनंद. आवडता पोरगा बर्फावर उतरला की हा टोपी डोळ्यांवर ओढून घोरायचं सोंग करायचा. त्याचा प्रतिस्पर्धी लायल ऑस्मंडसन, उंची कोटातला, कोलोनचा घमघमाट सोडणारा, त्याने ही लबाडी ओळखली. ओरेस्ट घोरला की लायल वही काढायचा. सहा वर्षांत सहा पोरं लायलच्या क्लबने अशी आयती पळवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ओरेस्टने जीव लावलेल्या एकाही पोराच्या अंगावर त्याच्या क्लबचा शर्ट चढला नाही. त्याला ते फार लागायचं. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्याला जास्तच टोचून बोलायची.

यंदा तो निवृत्त होणार होता. त्याच्या क्लबात एक रीत आहे. निरोप घेणाऱ्या स्काउटला सातव्या फेरीतली, म्हणजे अगदी शेवटची निवड भेट म्हणून देतात. नाव तो सांगेल ते. कोणी हरकत घ्यायची नाही.

आणि त्याला हवा होता आर्लो फ्रीसन. हा बचावपटू माझ्याच घरी राहायचा. बाहेरगावची पोरं इथल्या टीमकडून खेळायला येतात तेव्हा गावातल्याच घरांत राहतात, आणि आर्लोचं घर गाडीने चार तासांवर. खरं सांगायचं तर तो रिंकवर आहे हे मलाही कधीकधी कळायचं नाही. गोल नाही, मारामारी नाही. फोटोतसुद्धा अर्धा कापलेला.

"त्याच्यात काय बघितलंस?" मी विचारलं.

"चकती कोपऱ्यात गेली की तो आधी मान वळवून मागे बघतो," ओरेस्ट म्हणाला. "धक्का कुठून येणार ते त्याला माहीत असतं. तरी जातो, धक्का खातो आणि चकती बरोबर आपल्या माणसाच्या काठीवर देतो. घरी ताट उचलतो का?"

"माझंही उचलतो."

"दूध संपलं तर?"

"संपायच्या आधी सांगतो."

ओरेस्टने असा सुस्कारा सोडला की मला वाटलं आता हा मुलीचं लग्नच ठरवतोय. मग माझा हात धरून म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या पाया पडतो, तोंड उघडू नकोस. त्याला पण सांगू नकोस. यंदा मी झोपणार नाही, हसणार नाही. दगड होणार."

मार्चमधल्या शेवटच्या सामन्यापर्यंत तो दगड राहिलाही. त्या दिवशी आर्लो कोपऱ्यात गेला आणि दोन दांडगे त्याच्यावर एकदम आदळले. हा गुडघ्यावर बसला आणि बसल्याबसल्या दोघांच्या पायांतून चकती अशी काढून दिली की आमचा पोरगा पलीकडे एकटाच धावत सुटला. त्याचा गोल हुकला, लोक हळहळले. आणि त्या हळहळीत एकच माणूस बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. ओरेस्ट! टोपी खाली, डोळ्यांत पाणी. सगळे स्काउट वळून बघायला लागले तसा तो मटकन खाली बसला.

मध्यंतरात मी त्याला झापलं. "दगड ना तू? वाजवलेस बारा!"

"हात माझे नव्हतेच गं," तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला.

तेवढ्यात लायल कॉफी घ्यायला आला. त्याच्या सोबत्याला तो हसत सांगत होता, "म्हाताऱ्याला आपण दूधखुळे वाटतो. आवडलेल्या पोराला कोण टाळ्या वाजवतं? त्याला तो आपल्या गळ्यात मारायचाय. खोड नाव!" सोबत्याने खरंच खोडलं. मी कॉफीत साखर घालायची विसरले.

मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. पोरगा तिसऱ्या फेरीत जाण्याच्या लायकीचा होता, आता शेवटपर्यंत पडून राहणार. पण ते ओरेस्टला सांगायचं धाडस झालं नाही.

ड्राफ्टच्या शनिवारी सकाळी ओरेस्ट माझ्या स्वयंपाकघरात होता. ड्राफ्टच्या मोठ्या सभागृहात गेलो तर सगळे माझा चेहरा वाचतील, म्हणाला. आर्लोची शाळेची परीक्षा उरली होती म्हणून तोही इथेच. त्याला वाटलं काका पेरोगी, म्हणजे माझ्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खायला आलेत. लॅपटॉपवर नावांमागून नावं जात होती. दर वेळी लायलच्या क्लबची पाळी आली की ओरेस्ट डोळे मिटायचा. पाचवी फेरी गेली, सहावी गेली. आर्लो पाठमोरा भांडी घासत होता.

"तुझं नाव नाही अजून," मी न राहवून म्हटलं.

"नसणारच, मावशी. माझ्याकडे कोण बघतंय?"

ओरेस्टचा फोन वाजला. क्लबच्या मॅनेजरचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बोल ओरेस्ट, तुझी पाळी. कोण हवाय?"

ओरेस्टने तोंड उघडलं. आवाज फुटेना. ओठ नुसतेच हलत होते आणि नाकावरून पाणी ओघळत होतं. तिकडून पुन्हा विचारणा झाली, वेळ संपत आली होती. त्याने उठून फोन आर्लोच्या साबणाच्या हातात कोंबला. कसाबसा म्हणाला, "नाव सांग."

"कुणाचं?"

"तुझं!"

आर्लोने माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली.

"आर्लो फ्रीसन," तो फोनमध्ये म्हणाला.

"ठीक. आणि कोण बोलतंय?"

पोराने हातातली बशी जपून ओट्यावर ठेवली.

"तोच," तो म्हणाला.