सेफ्टी बूट आणि पाइनचा उतार

आमच्या बाबांचा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त भिलाईच्या पोलाद प्लांटच्या सेफ्टी बुटांवर. लोखंडी टोकाचे ते बूट घालून ते भट्टीवर जात, भाजी आणायला जात, आणि एलटीसी, म्हणजे प्लांटची प्रवास-सवलत, घेऊन आम्ही कुमाऊँच्या डोंगरात गेलो तेव्हाही तेच त्यांच्या पायात होते.

त्याआधीच्या वर्षी आई क्वार्टरच्या न्हाणीत घसरून पडली होती. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा बाबांनी तिला धरायला न्हाणीत नायलॉनची दोरी बांधली, आणि पुढे तिला सेक्टरच्या मार्केटलाही एकटी सोडेनात. तिचा पाय केव्हाच बरा झाला होता. बाबा काही बरे होत नव्हते.

पाइनचं ते रान पाहून मला तर वेडच लागलं. पायथ्याच्या टपरीवरचा चहावाला म्हणाला, ही झाडं कोणी लावलेली नाहीत, माझ्या पणजोबांनीही ती अशीच म्हातारी पाहिली. मी विनाकारण ओरडत सुटलो.

"तू इथंच टपरीवर बस," बाबा आईला म्हणाले. "पाय घसरला म्हंजे?"

"अवो, दोन दिवस गाडीत बसूनच आली मी! मी का काचेची आहो?"

तिचे डोळे भरून आले. मग बाबांनी आपले बूट काढले, आत वर्तमानपत्र कोंबलं आणि वाकून तिच्या पायात बांधले. स्वतः नुसत्या मोज्यांवर निघाले.

"आता पडूनच दाखव," ते ऐटीत म्हणाले.

वाळलेल्या पाइनच्या सुयांवर कुठलाच बूट टिकत नाही, हे प्लांटमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. वर पोचताच आईचे दोन्ही बूट हवेत गेले आणि ती बसल्या बसल्या सुसाट खाली. "अवं! अवं!" करत बाबा मागे धावले, तेही आपटले, आणि त्यांच्या मागोमाग मी.

खाली आई सुयांच्या ढिगात तोंड झाकून पडली होती. खांदे हलत होते.

"लागलं का तुले?" बाबा रांगतच तिच्याजवळ पोचले.

आईनं तोंडावरचा पदर काढला. ती हसत होती, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

"आणखी एक डाव," ती कशीबशी म्हणाली.

आम्ही सात वेळा घसरलो. शेवटच्या वेळी बाबा सगळ्यांत पुढे होते आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते.

भिलाईला परतल्यावर दुसऱ्या दिवशी न्हाणीतली दोरी गायब. आईनं ती अंगणात बांधली होती आणि तिच्यावर पाइनच्या डिंकानं बरबटलेले आमचे कपडे धुऊन वाळत घातले होते. बाबा बाहेर आले, त्यांनी दोरी ओढून पाहिली. मग तिची गाठ जरा घट्ट केली.