पाठमोऱ्या बसणाऱ्या मेश्राम बाई

फळ्यावर प्रश्न लिहून झाला की मेश्राम बाई आपली खुर्ची खिडकीकडे फिरवत आणि वर्गाकडे पाठ करून बसत. "लिहा आता. मी पाहून नाही राहिली," असं म्हणत, आणि खरंच पाहत नसत. भिलाईतल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत बाकीचे गुरुजी डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचे. शनिवारचा शेवटचा तास मात्र बाईंचा.

इतर वर्ग गाईवरचा निबंध घोकत असताना आमच्या फळ्यावर असे, 'आज तुला कोणाचा राग आला? मग तू काय केलंस?' "हिंदी शब्द आला तं येऊ दे, खोटं नको येऊ देऊ," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. आमचं निम्मं मराठी हिंदीच होतं, त्यामुळे ही सवलत आम्ही मनसोक्त वापरली. लिहिलेला कागद बाईंना द्यायचा की दप्तरात ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एकदा त्यांनी विचारलं, 'बाबा नाइट शिफ्ट करून झोपले की घरात काय होतं?' स्टील प्लांटमधल्या कामगाराचं कुठलंही पोर यावर पानभर लिहू शकत होतं. आमच्याकडे तेव्हा कुकर लागत नसे, शिटीने बाबा उठतील म्हणून. आई खुणांनी बोले, आणि मी शिंकसुद्धा उशीत दाबत असे. प्रश्नाची बातमी घरोघर पोचली आणि पालक भडकले.

रविवारी आमच्याच वर्गात पालकसभा भरली. आम्ही मुलंही गेलो होतो. तक्रारीत सगळ्यांत पुढे माझे बाबा.

"घरच्या गोष्टी शाळेत काऊन लिहून घेता, बाई? ते कागद आमाले दाखवा."

हेडमास्तरांनीही तोच हुकूम सोडला. बाई टेम्पररी होत्या, त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"ते कागद माहे नाहीत, पोरांचे आहेत. नाही देणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी प्रत्येक पालकापुढे एक कोरा कागद ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, 'तुमचं मूल तुम्हाला काय सांगत नसेल?' आणि खुर्ची फिरवून बसल्या.

कोणीतरी हसलं. पण शाळेच्या बाकावर बसलेला माणूस, बाईंनी लिही म्हटलं की लिहितोच. बाबा पेन उघडून, खाली मान घालून लिहीत सुटले. हेडमास्तर कागद गोळा करायला आले तेव्हा बाबांनी आपल्या कागदावर हात ठेवला.

"राहू द्या, सर. हे कोणाले दाखवाचं नाही."

एकेक करत इतरांनीही कागद घडी घालून खिशात टाकले.

"पोरंबी हेच म्हणतात, भाऊ," बाई मागे न वळता म्हणाल्या.

बाईंची नोकरी टिकली आणि त्यांचा तासही टिकला. बाईंना काढू नका, हे हेडमास्तरांना सांगायला बाबाच उठले. अशा बाईंच्या वर्गात मी होते, हे मी आजही मान ताठ करून सांगते.

परतताना मी सायकलच्या दांडीवर बसले होते. बाबांनी विचारलं, "माह्या झोपेचा तुले तरास होते का, बेटा?"

"होते," मी म्हटलं. एवढं सरळ उत्तर मला तोवर फक्त बाईंच्या पाठीमागे बसूनच देता येत असे.